निधी निम्म्यावर आला, तर काय धरायचं आणि काय सोडायचं

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या कार्यकर्त्याचा प्रश्न आहे. तीन गावांत सुक्या कचऱ्याचं संकलन, एक शेड, कचरा वेगळा करणाऱ्या चार ताई, भाड्याचा टेम्पो आणि दर महिन्याला एक किनारा स्वच्छता मोहीम, असा त्यांचा पसारा. एका कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कायद्यानुसार कंपनीने सामाजिक कामासाठी द्यायचे पैसे, काही वर्षं मिळत होता. यंदा तो निम्म्याहून कमी झाला आणि पुढच्या वर्षी मिळेलच याची खात्री नाही. ते विचारतात: भंगार जास्त विकून खर्च निघेल का? श्रेडर, म्हणजे प्लास्टिकचे तुकडे करणारं यंत्र, घेतला तर चांगला भाव मिळेल का? की पुनर्वापराचं काम बंद करून फक्त मोहिमा चालू ठेवाव्यात, कारण त्या स्वस्त पडतात? आणि हे सगळं ताईंना कधी सांगायचं?

मी मालवण-देवगड पट्ट्यात बरीच वर्षं हेच काम करते आहे. निधी आटण्याची वेळ आमच्यावर आली होती, आजूबाजूच्या संस्थांवर आलेलीही पाहिली आहे. माझं मत तुमच्या तिसऱ्या पर्यायाच्या बरोबर उलटं आहे: मोहिमा कमी करा, घरोघरचं संकलन आणि ताईंची मजुरी शेवटपर्यंत धरून ठेवा, श्रेडर घेऊ नका. मात्र यातलं बरंच काही तुमच्या गावांवर अवलंबून आहे. मुरूड-कर्दे-लाडघर बाजूला असाल तर रिसॉर्ट आणि घरगुती खोल्या भरपूर. केळशी-आंजर्ले बाजूला असाल तर पर्यटक कमी, पण कासवं बघायला मुद्दाम येणारा. खरेदीदार शेडवर येऊन माल उचलतो की तुम्हाला खेड-चिपळूणपर्यंत पोचवावा लागतो, यानेही गणित बदलतं. म्हणून मी हिशेब कसा मांडायचा ते सांगते, आकडे तुम्ही तुमचे घाला.

तुमच्या प्रश्नात सगळा खर्च एकाच रकमेत आहे, आणि मला वाटतं अडचण तिथूनच सुरू होते. किनाऱ्यावर वाहून आलेला कचरा आणि घरांतून-हॉटेलांतून येणारा सुका कचरा ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींत प्लास्टिक असतं एवढंच साम्य. त्यांच्या वह्या आजपासून वेगळ्या करा. टेम्पोच्या फेऱ्या, मजुरी, गोण्या, हातमोजे, चहा-नाश्ता, सगळं दोन रकान्यांत. गेल्या वर्षाच्या पावत्या काढून बसलात तर दोन संध्याकाळी पुरतील. बहुतेक संस्थांना यातून एकच गोष्ट कळते: भंगाराचं उत्पन्न जवळजवळ सगळं घरच्या कचऱ्यातून येतं, आणि खर्चाचा मोठा भाग किनारा खातो.

याचं कारण बघायचं असेल तर समुद्रातून आलेली एक पाण्याची बाटली हातात घ्या. तिला झाकण असतंच, कारण झाकण नसलेली बाटली पाणी भरून तळाला गेलेली असते, ती आपल्याला दिसतच नाही. झाकण गच्च बसलेलं, आत थोडं खारं पाणी आणि चमचाभर वाळू, बाहेरून चिकटलेले कडक कवचाचे जीव. झाकण उघडायचं, आपटून वाळू काढायची, लेबलचा उरलेला तुकडा खरवडायचा, झाकणाखालचं कडं कापायचं. एवढं करूनही उन्हाने प्लास्टिक पांढुरकं आणि ठिसूळ झालेलं असेल तर खरेदीदार वजनात काट धरतो, नाहीतर गोणीच बाजूला काढतो. आणि एक लिटरच्या चाळीस-पन्नास रिकाम्या बाटल्या होतात तेव्हा कुठे किलो भरतो. किलोला समजा २५ रुपये मिळाले, तर त्या २५ रुपयांसाठी एका बाईचा किती वेळ गेला हे घड्याळ लावून बघा. तीच बाटली एखाद्या न्याहारी-निवासाच्या मागच्या दारातून आली असती तर कोरडी, पारदर्शक आणि स्वच्छ असती. गोणीतून ओतली की लगेच ढिगात गेली असती.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: किनाऱ्यावरचा कचरा विकून किनारा स्वच्छ ठेवता येत नाही. कितीही काटकसर केली तरी नाही. ते काम कुणाच्या तरी पैशानेच होतं, कंपनीच्या, पंचायतीच्या किंवा देणगीदाराच्या. घरोघरच्या संकलनाचं मात्र तसं नाही. भंगार आणि सेवाशुल्क मिळून त्याचा बराचसा खर्च निघू शकतो. पैसा कमी असताना जे काम स्वतःचा भार थोडा तरी उचलतं ते आधी वाचवायचं. शिवाय गावातून प्लास्टिक पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जायचं थांबलं तर किनाऱ्यावरचा निदान आपल्या गावाचा वाटा कमी होतो. समुद्र बाकीच्यांचा आणून टाकतो, त्यावर आपला इलाज नाही.

मोहिमा स्वस्त वाटतात, कारण मजुरी दिसत नाही. पण बॅनर, टोप्या, पाणी, नाश्ता, हातमोजे आणि मोहिमेनंतर दोन दिवस चालणारी टेम्पोची धावपळ, हे सगळं मोजा. हौसेने आलेली माणसं दोन तासांत ढीग जमवतात आणि घरी जातात, मग तो ढीग हलवणं संस्थेच्या गळ्यात. मुंबईत वर्सोव्याची मोहीम ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह यांनी सुरू केली. ती जगभर गाजली, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' सन्मान त्यांना मिळाला. तिथे मागे महानगरपालिकेची यंत्रणा होती, तरीही नोव्हेंबर २०१७ मध्ये मोहीम काही काळ थांबली, आणि गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नाही हे त्यामागचं एक कारण होतं. आपल्याकडे तर यंत्रणा म्हणजे भाड्याचा टेम्पो. उचलायची सोय आधी ठरली नसेल तर मोहीम घेऊच नये, असं मी आता सगळ्यांना सांगते.

बारा मोहिमांऐवजी तीन-चार घ्या, पण जागा आणि वेळ नेमकी निवडा. सगळ्यात जास्त उपयोग होतो तो मे महिन्यात पऱ्ये आणि व्हाळ साफ करण्याचा. उन्हाळाभर कोरड्या पात्रात जे साठतं ते मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात खाडीत आणि तिथून किनाऱ्यावर येतं. पुलाखाली, मोरीच्या तोंडाशी, बाजारामागच्या उतारावर आठ-दहा माणसं दोन सकाळी लागली तर पावसाळ्यानंतरचं कितीतरी काम वाचतं, आणि हा कचरा अजून समुद्रात भिजलेला नसतो, त्यामुळे थोडा विकलाही जातो. दुसरी मोहीम सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिनाला. त्या दिवशी कंपन्यांना माणसं पाठवायची असतात. पाठवू द्या, पण टेम्पोचं भाडं आणि पुढच्या दोन दिवसांची मजुरी त्यांच्याकडून आधी लेखी मान्य करून घ्या. तिसरी नाताळ-नववर्षाची गर्दी ओसरल्यावर. श्रावणात उधाणाबरोबर जो लोंढा येतो तो त्याच आठवड्यात उचलायचा हट्ट मात्र सोडा. पुढच्या भरतीला परत तेवढाच येतो. फक्त भरतीरेषेच्या वर, केतकी-निवडुंगात अडकलेला काढा, कारण तो तिथेच राहून भुगा होतो.

एक गोष्ट दापोली-मंडणगड किनाऱ्यासाठी आवर्जून. वेळास, आंजर्ले, केळशी इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. नोव्हेंबरपासून पिल्लं समुद्रात जाईपर्यंत, म्हणजे साधारण मेपर्यंत, किनाऱ्यावर ट्रॅक्टर किंवा वाळू चाळणारं यंत्र नेऊ नका, मोफत मिळालं तरी. हाताने वेचा, आणि गावातल्या कासवमित्राला विचारल्याशिवाय वरच्या वाळूत खोरं घालू नका.

आता ताईंबद्दल. निधी कमी झाला की संचालक मंडळात पहिली सूचना येते ती चारातल्या दोघींना कमी करण्याची. कृपा करून हे शेवटी ठेवा. चांगला माल आणि मिश्र माल यांच्या भावातला फरक या बायकांच्या हातात असतो. आमच्याकडची जुनी ताई डोळे न उचलता सांगते, हा फुगा, हे कडक. फुगा म्हणजे शाम्पू-फिनेलच्या बाटल्या, कॅन असला फुगवून केलेला माल. कडक म्हणजे दाबल्यावर वाकायच्या आधी तडकणारं प्लास्टिक. चुकून कडक फुग्यात गेलं तर अख्ख्या गोणीचा भाव पडतो. अशी नजर तयार व्हायला काही महिने जातात. नवीन बाईला ते पुस्तकातून शिकवता येत नाही.

त्यांच्या हाताला जास्त मोलाचं काम मिळवून देणं हा मजुरी टिकवायचा खरा मार्ग आहे, आणि किनारपट्टीवर असं काम आहे: जाळी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी उलगडून दुरुस्त होतात आणि फाटकी जाळी, तंगूस, दोर असे ढीग बाजूला पडतात. हाच माल नंतर पाण्यात गेला तर मासे आणि कासवं अडकतात. नायलॉनच्या जाळ्याला खरेदीदार आहे, पण त्यात पॉलिथिनचे दोर मिसळलेले असले तर तो भाव पाडतो. ओळखायला बादलीभर पाणी पुरतं. तुकडा पाण्यात चुरून घ्यायचा, कारण गाठींमध्ये हवा अडकते, मग सोडून द्यायचा. नायलॉन बुडतं, पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो. तशीच पाण्याची बाटली कापून टाकली तर ती बुडते आणि तिचं झाकण तरंगतं. मच्छीमार सोसायटीशी बोलून बंदरावर दोन मोठे पिंप ठेवा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ताईंना तिथे न्या. हर्णैसारखं बंदर जवळ असताना हे न करणं म्हणजे दारातलं काम सोडणं. पावसाळ्यात घरचा सुका कचरा कमी येतो, पुठ्ठा भिजतो, त्या दिवसांत ही जाळी हाताला काम देतात.

पावसाळा हा आपल्या हिशेबातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च, आपलं वर्ष ऑक्टोबर ते मे आणि मग जून ते सप्टेंबर. दिवाळीच्या सुटीपासून मेअखेरपर्यंत बाटल्या, कॅन, पुठ्ठा, बिअरच्या काचा, सगळं भरपूर येतं. नंतर विक्री आटते, मजुरी तेवढीच राहते. मधे गणपतीत चाकरमानी आले की पंधरा दिवस पुन्हा भर येतो. म्हणून हंगामातल्या प्रत्येक विक्रीतून ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला पावसाळ्याच्या मजुरीशिवाय हात लावू नका. अनुदान नियमित येत होतं तोवर हे लक्षात येत नाही. पण ते थांबतं तेव्हा संस्था बहुधा जुलै-ऑगस्टात बसते.

शुल्काकडे वळू. रिसॉर्टवाले, खानावळी, न्याहारी-निवासवाले यांच्याकडून आजवर तुम्ही बहुधा काहीच घेत नसाल, किंवा वर्षातून एकदा वर्गणीची पावती फाडत असाल. महिन्याचं शुल्क लावा. खोल्यांच्या संख्येवर ठेवा, हंगामात जास्त, पावसाळ्यात कमी. जो कोरडा आणि वेगळा करून देईल त्याला सवलत, जो जेवणाच्या उरल्यासुरल्यात बरबटलेलं देईल त्याला दुप्पट. पावती दरमहा, संकलनाचा वार आणि वेळ ठरलेली, आणि ती वेळ तुम्ही पाळायची. लोक पैसे द्यायला कुरकुर करतात ते बहुतेक गाडी आज येते आणि उद्या येत नाही म्हणून. सुरुवात सगळ्यात मोठ्या रिसॉर्टपासून करू नका. गावात ज्याचा शब्द चालतो अशा दोन-तीन खोलीवाल्यांना आधी तयार करा, बाकीचे त्यांच्याकडे बघून येतात. गावातल्या साध्या घरांवर मात्र शुल्क तुम्ही लावू नका, ते पंचायतीकडून यायला हवं.

कारण कचरा ही मुळात पंचायतीची जबाबदारी आहे आणि आपण ती तिच्या वतीने पार पाडतो. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी ग्रामपंचायतींपर्यंत आणली. ग्रामपंचायत अधिनियमात स्वच्छतेसाठी कर लावायची तरतूद आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेली होती, आणि घनकचरा त्यात बसतो. आयोग बदलला की टक्केवारी बदलते, म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) बसून चालू वर्षाचा आराखडा बघा. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र धरलेलं होतं, त्यासाठी १६ लाखांपर्यंतची तरतूद होती. ते दापोलीत उभं आहे का, चालू आहे का, हे गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी विचारा. उभं असून बंद असेल तर चालवायला माणसं तुमच्याकडे आहेत, ही तुमची बाजू भक्कम आहे.

पंचायतीकडे पैसे मागायला गेलात तर तीन ग्रामसभा निघून जातील. वस्तू मागा. शेडचं वीजबिल, आठवड्यातून एक दिवस ट्रॅक्टर, पडीक समाजमंदिराचा ओटा, घंटागाडीचं डिझेल. यासाठी ठराव लवकर होतो. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे या ग्रामसभांपैकी जवळची धरा आणि मसुदा स्वतः लिहून न्या. करारनाम्यात दोन वाक्यं नक्की हवीत: विकता न येणारा उरलेला कचरा पंचायत नेईल, आणि सरपंच बदलले तरी मुदत संपेपर्यंत करार चालेल. सरपंचांना आणि सदस्यांना पटवायचं असेल तर वेंगुर्ल्याला घेऊन जा. तिथल्या नगरपरिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचराभूमीचं उद्यान केलं, कचरा घरातूनच वेगळा घ्यायला सुरुवात केली आणि प्लास्टिक रस्त्यासाठी वापरलं. त्यामागे नगरपरिषदेचा कर, कर्मचारी आणि अधिकार होता. संस्थेने एकटीने त्याची नक्कल करायला जाऊ नये, पण पंचायतीने स्वतः पुढाकार घेतला तर काय होतं हे तिथे उभं राहून दिसतं.

टेम्पोचा खर्च. पाऊण टन वाहणाऱ्या छोट्या हत्तीत न दाबलेल्या बाटल्या भरल्या तर जेमतेम शे-सव्वाशे किलो बसतात. भाडं पूर्ण गाडीचं, माल सहावा-सातवा हिस्सा. म्हणजे आपण हवा वाहतो. तुमची पहिली बचत इथे आहे. प्रत्येक बाटली झाकण काढून, पायाने चेपून गोणीत भरली तरी फरक पडतो. हाताने चालणारं साधं दाबयंत्र असेल तर गाठी बांधता येतात आणि फेऱ्या निम्म्याहून कमी होतात. शेजारच्या तालुक्यातल्या दोन संस्थांशी जुळवून घ्या: सगळ्यांचा माल एकाच ठिकाणी, ट्रक भरेल तेव्हाच विक्री. ट्रकभर एकजिनसी माल असला की खरेदीदार स्वतः घाट उतरून येतो, आणि त्याने पाठवलेल्या गाडीचं भाडं तुमच्या खिशातून जात नाही. माल मात्र झाकलेला ठेवा, ओल्या पुठ्ठ्याला कुणी हात लावत नाही.

श्रेडरला माझा विरोध आहे तोही या खरेदीदारामुळेच. गाठीतली बाटली खरेदीदाराला डोळ्यांनी दिसते. तुकडे केले की त्यात काय मिसळलं आहे हे कळत नाही, त्यामुळे अनोळखी माणसाच्या भुग्याला तो भाव देत नाही. थ्री-फेज वीज, पावसाळ्यातले खंड, पात्यांना लागणारी वाळू, धुण्याचं पाणी आणि त्याचा निचरा, सगळं अंगावर येतं. प्रक्रिया करायची म्हटली की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोंदणीही लागते. देणगीतून मिळालेली बंद पडलेली यंत्रं मी कोकणात एवढ्या शेडमध्ये पाहिली आहेत की हे आग्रहाने सांगते.

वेफर्स, बिस्किटं, मसाल्यांची बहुपदरी पाकिटं हा सगळ्यात अवघड माल. त्याला भाव नाही. तो सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातो, आणि त्या भट्ट्या चंद्रपूरकडे, किंवा घाट ओलांडून कर्नाटकात कलबुर्गी-बागलकोटकडे. माझा नियम असा: घरातून कोरडी आली तर घ्यायची, कारण नाही घेतली तर चुलीत नाहीतर पऱ्यात जाते. गोण्यांत दाबून ठेवायची आणि वर्षातून एकदा इतर संस्थांच्या मालाबरोबर पाठवायची. किनाऱ्यावरची वाळूने माखलेली पाकिटं मात्र वेगळी काढण्यात ताईंचा वेळ घालवू नका, ती पंचायतीच्या उरलेल्या कचऱ्यात जाऊ दे. समुद्रातून येणारे तेलाचे चिकट डांबरगोळे लागलेलं काहीही चांगल्या गोणीत येऊ देऊ नका, एक तुकडा अख्खा माल नासवतो. आणि जागा कमी पडते म्हणून कुणी काडी लावायचं सुचवलं तर ठाम नकार द्या. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये बंदी घातली आहे, साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो धूर आधी त्या ताईंच्या छातीत जातो.

ईपीआर, म्हणजे उत्पादकावर टाकलेली प्लास्टिकची जबाबदारी, यातून पैसे मिळतील असं सांगणारे मध्यस्थ तुमच्याकडे येतील. प्रमाणपत्र फक्त केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेला प्रक्रियादार देऊ शकतो, गोळा करणारी संस्था नाही. पण त्या प्रक्रियादाराला तुमचा माल हवा असतो. म्हणून वजनकाट्याची पावती, बिल आणि गाडीचा क्रमांक प्रत्येक खेपेला जपून ठेवा आणि किलोमागे जादा दर मागा. यावर वार्षिक अंदाजपत्रक मात्र उभं करू नका.

आता उरलेला निधी. तुमच्या कंपनीशी बोलताना दोन गोष्टी हाताशी ठेवा. पहिली: प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाला आहे. ताईंची मजुरी हा प्रकल्पाचा थेट खर्च आहे, त्यात तो बसवून नाकारला जात असेल तर नियम दाखवा. दुसरी: कायद्यात बहुवर्षीय प्रकल्पाची सोय आहे, सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं. रक्कम कमी झाली तरी चालेल, पण ती एवढ्या मुदतीसाठी द्या, अशी मागणी करा. दरवर्षी मोठी आणि अनिश्चित मिळण्यापेक्षा लहान आणि ठरलेली बरी. त्याचबरोबर लोटे आणि महाडच्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान कंपन्यांकडे जा. कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमात स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगितलेलं आहे. मोठ्या संस्थेमार्फत परदेशी निधी मिळवून देतो असं कुणी म्हणालं तर थांबा. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी एका संस्थेने दुसरीकडे वळवता येत नाही.

माझा सगळ्यात जास्त भरवसा मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांवर आहे. देवळाचा सभामंडप, शाळेची इमारत ही माणसं वर्षानुवर्षं उभी करत आली आहेत. त्यांच्याकडे "पर्यावरणासाठी" म्हणून जाऊ नका. एका वाडीचं वर्षभराचं संकलन, किंवा एका ताईची चार पावसाळी महिन्यांची मजुरी, असं नेमकं मागा आणि गणपतीत ते गावात आले की शेड दाखवा. देणगी यूपीआय किंवा चेकने घ्या, कारण रोख २,००० च्या वर असेल तर देणगीवरची आयकरातली सवलत मिळत नाही. तसंही नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती मिळतच नाही, तेव्हा तिचा फार गाजावाजा करू नका. आपल्या वाडीचा पऱ्या स्वच्छ दिसावा हे कारण मुंबईकराला पुरतं.

राहिला ताईंना कधी सांगायचं हा प्रश्न. याच आठवड्यात सांगा, आणि वहीसह सांगा. गावात अर्धी बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचलेली असते, आणि उरलेली अर्धी कल्पनेने भरली जाते. त्यांच्यासमोर दोन रकाने मांडा: घरचा कचरा, किनारा. कोणत्या महिन्यापर्यंतची मजुरी आत्ता हातात आहे तो महिना स्पष्ट सांगा. कामाचे तास कमी करावे लागणार असतील तर चौघींचे सारखे करायचे की एखादीला मे महिन्यात आंब्याच्या कामाला जायचं आहे, हे त्यांनाच ठरवू द्या. त्यांना एकमेकींच्या घरची गरज संचालक मंडळापेक्षा जास्त ठाऊक असते. हातमोजे, गमबूट आणि धनुर्वाताची लस यांत मात्र काटछाट नाही, हे त्याच बैठकीत सांगून टाका. आणि कुठल्या मालात वेळ जातो, कोणता खरेदीदार काट जास्त धरतो, कोणत्या हॉटेलचा कचरा सगळ्यात घाण येतो, हे त्यांना विचारून लिहून घ्या. शुल्काचे दर ठरवायला ही यादी तुम्हाला लगेच उपयोगी पडेल.